बादली, वीजमीटर आणि दोन गेज : हीट पंप ड्रायरच्या कंप्रेसरशी पहिली ओळख

नवा ड्रायर ताब्यात आला की पहिलं लक्ष जातं कंप्रेसरच्या अंगावरच्या पट्टीकडे. इतके एचपी, इतके अँपिअर, अमुक गॅस. मग माल आत जातो, दोन दिवसांनी बाहेर येतो, विजेचं बिल येतं आणि प्रश्न पडतो : कंप्रेसर नीट काम करतोय का? पट्टी यावर काहीच बोलत नाही. कंप्रेसरचं काम तो कोणत्या दोन तापमानांच्या मध्ये उभा आहे यावर ठरतं, आणि ती तापमानं ठरवतो तुमचा माल, तुमची हवा आणि तुम्ही. म्हणून या लेखात कंप्रेसर उघडायचा नाही. एक बादली, एक वीजमीटर, दोन गेज आणि चार-पाच थर्मामीटर एवढ्यावर काम भागवायचं आहे.

आधी दोन फेरे डोळ्यांसमोर आणा

हीट पंप ड्रायरमध्ये दोन फेरे चालू असतात. पहिला हवेचा. गरम कोरडी हवा मालावरून जाते, ओलावा उचलते, थोडी थंड होते. मग ती इव्हॅपोरेटरच्या गार कॉइलवर येते, तिथे तिच्यातलं पाणी गळून ट्रेमध्ये पडतं. तीच हवा पुढे कंडेन्सरच्या गरम कॉइलवरून जाते, तापते आणि पुन्हा मालाकडे वळते. दुसरा फेरा गॅसचा, म्हणजे रेफ्रिजरंटचा. इव्हॅपोरेटरमध्ये तो कमी दाबाला उकळतो आणि हवेतली उष्णता घेतो. कंप्रेसर त्याचा दाब वाढवतो. कंडेन्सरमध्ये तो पुन्हा द्रव होताना ती उष्णता हवेला परत देतो. एक्सपान्शन व्हॉल्व्ह दाब उतरवतो आणि फेरा पूर्ण होतो.

यातली गंमत अशी की पाण्याची वाफ करायला लागलेली उष्णता वाया जात नाही. वाफेचं पुन्हा पाणी होताना ती कॉइलवर परत मिळते आणि कंप्रेसर तिला वरच्या तापमानावर उचलून देतो. कल्पना जुनी आहे. १८५० च्या दशकात ऑस्ट्रियात पेटर फॉन रिटिंगर या अभियंत्याने मिठागरातल्या खाऱ्या पाण्याची वाफ दाबून तिच्याच उष्णतेने ते पाणी आटवण्याचा प्रयोग केला होता. हीट पंपाच्या इतिहासातली अगदी सुरुवातीची नोंद अशी पाणी काढण्याच्याच कामाची निघावी, हे मला फार आवडतं.

पायरी १ : ट्रेखाली बादली ठेवा

हे काम यंत्र चालू करण्याआधीचं. इव्हॅपोरेटरखालच्या ट्रेची नळी एका मोजता येणाऱ्या बादलीत सोडा. फक्त ड्रायरसाठी वेगळा वीजमीटर बसवा. दर तासाला बादलीत किती किलो पाणी आलं आणि मीटरवर किती युनिट पडले, ते लिहा. पाण्याला युनिटने भागा. या आकड्याला एसएमईआर म्हणतात : एका युनिटमध्ये किती किलो पाणी निघालं.

तुलनेसाठी एक खुंटी लक्षात ठेवा. ४० अंश सेल्सिअसच्या आसपास १ किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २४०० किलोज्यूल लागतात, म्हणजे जवळपास ०.६७ युनिट. साध्या विजेच्या हीटरने, एक कणही उष्णता वाया न घालवता, एका युनिटमध्ये फार तर दीड किलो पाणी निघेल. प्रत्यक्षात गरम हवा बाहेर सोडणारा हीटरचा ड्रायर याच्या बराच खाली राहतो. हीट पंपाने हा दीड किलोचा आकडा आरामात ओलांडला पाहिजे. नाही ओलांडला, तर एवढा कंप्रेसर, कॉइल आणि पाइपांचा खटाटोप कशासाठी?

बादलीच्या बाबतीत दोन सावधगिऱ्या. पहिल्या तासाचा आकडा धरू नका, कारण कोरड्या कॉइलच्या पत्र्यांवर आणि ट्रेमध्ये आधी बरंच पाणी अडकून राहतं. दुसरं, बॅचच्या आधी आणि नंतर मालाचं वजन करा. मालाचं घटलेलं वजन आणि बादलीतलं एकूण पाणी साधारण जुळायला हवं. बादलीत कमी आलं तर ओली हवा दारातून किंवा सांध्यातून बाहेर पळतेय. बादलीत जास्त आलं तर मात्र खूश होऊ नका : बाहेरची दमट हवा आत शिरतेय आणि तुमचा कंप्रेसर अख्ख्या खोलीची हवा सुकवतोय.

पायरी २ : कंप्रेसरला कुठून कुठवर चढायचंय ते ठरवा

समजा मालाला ५५ अंशांची हवा हवी आहे. कॉइलमधला गॅस हवेपेक्षा गरम असल्याशिवाय उष्णता देणार नाही, म्हणून ८ अंशांचा फरक धरा. कंडेन्सिंग तापमान झालं ६३. इव्हॅपोरेटरवरून हवा २२ अंशांना बाहेर पडावी असं वाटतं, तर गॅस तिच्यापेक्षा ८ अंशांनी गार हवा. इव्हॅपोरेटिंग तापमान झालं १४. कंप्रेसरला १४ वरून ६३ वर चढायचं आहे : ४९ अंशांचा चढ.

कंप्रेसरच्या कामगिरीतली सगळ्यात मोठी गोष्ट हा चढ आहे. आदर्श यंत्राचं सीओपी, म्हणजे एका युनिट विजेत किती युनिट उष्णता हलवली, हे केल्विनमधल्या तापमानाला चढाने भागून येतं. थंड बाजूने पाहिलं तर २८७ भागिले ४९, म्हणजे ५.९ च्या जवळपास. खरा कंप्रेसर याच्या निम्म्यापर्यंत पोचला तरी ठीक. इथे मी ३ धरून चालणार आहे. चढ ४९ असताना १ अंश वाचवला की आदर्श सीओपी सुमारे २ टक्के सुधारतं. मळलेल्या कंडेन्सरमुळे गॅस हवेपेक्षा ८ ऐवजी १५ अंश गरम राहू लागला, तर वाढीव ७ अंशांची किंमत सरळ मीटरवर दिसते. कंप्रेसरला दोष नाही, त्याला उगीच सात अंश जास्त चढायला लावलंय.

वरच्या टोकाइतकंच खालचं टोक महत्त्वाचं आहे, आणि नवखे लोक नेमकं तेच विसरतात. कंप्रेसर दर फेऱ्यात ठरावीक आकारमानाचा गॅस ओढतो, ठरावीक वजनाचा नाही. आर-१३४ए हा रेफ्रिजरंट घ्या. ५ अंशांना त्याच्या संपृक्त (म्हणजे उकळत्या द्रवाच्या तापमानालाच असलेल्या) वाफेची घनता सुमारे १७ किलो प्रति घनमीटर असते, १५ अंशांना सुमारे २४. दहा अंशांनी इव्हॅपोरेटर उबदार ठेवला की तोच कंप्रेसर, त्याच वेगाने, जवळपास ४० टक्के जास्त गॅस फिरवतो. नवा मोठा कंप्रेसर घेण्याआधी इव्हॅपोरेटरची कॉइल पुरेशी मोठी आहे का, हे बघा असं मी म्हणतो ते यासाठीच. मोठी कॉइल शांतपणे कंप्रेसरची ताकद वाढवत बसते आणि तिचं बिल येत नाही.

पायरी ३ : गेज वाचायला शिका

संपृक्त गॅसचा दाब आणि तापमान बांधलेले असतात, म्हणून सक्शन (कंप्रेसर गॅस ओढतो ती बाजू) आणि डिस्चार्ज (दाबलेला गॅस सोडतो ती बाजू) गेज म्हणजे खरं तर दोन थर्मामीटरच. आर-१३४ए साठी १४ अंश म्हणजे निरपेक्ष ४.७ बार, ६३ अंश म्हणजे १८ बारच्या आसपास. बहुतेक गेजवर वेगवेगळ्या गॅसची तापमानाची वर्तुळंही छापलेली असतात. आपल्या गॅसचं वर्तुळ वाचा, शेजारचं नको.

इथे एक ठेच ठरलेली आहे. गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो. वरच्या उदाहरणात गेजवर दिसेल ३.७ आणि १७. सरळ भागाकार केला तर दाबाचं गुणोत्तर ४.६ येईल, जे चुकीचं आहे. दोन्हीत साधारण १ बार मिळवून भागा : १८ भागिले ४.७, म्हणजे ३.८. हे गुणोत्तर वाढलं की पिस्टनच्या कंप्रेसरमध्ये सिलिंडरच्या टोकाला अडकलेला दाबलेला गॅस परत फुगून जास्त जागा खातो आणि नवा गॅस कमी येतो. ही टोकाची पोकळी सिलिंडरच्या ४ टक्के असेल तर गुणोत्तर ४ असताना साधारण दहावा भाग वाया जातो, ७ असताना पाचवा. स्क्रोलमध्ये, म्हणजे दोन गुंडाळ्यांमध्ये गॅस दाबणाऱ्या कंप्रेसरमध्ये, अशी पोकळी नसते, पण त्याचं आतलं दाबण्याचं प्रमाण घडवतानाच ठरलेलं असतं, आणि त्यापासून फार दूर चालवला की तोही वीज खातो.

दाबांबरोबर तीन तापमानं घ्या. कंप्रेसरच्या सक्शन पाइपचं तापमान वजा इव्हॅपोरेटिंग तापमान म्हणजे सुपरहीट. ते ५ ते १० अंशांत असावं. शून्याकडे गेलं तर द्रव कंप्रेसरमध्ये शिरतोय आणि तेल पातळ करतोय. फार वाढलं तर कॉइलचा शेवटचा भाग रिकामा पडलाय. कंडेन्सिंग तापमान वजा द्रवाच्या पाइपचं तापमान म्हणजे सबकूलिंग. काही अंश तरी असावं. तिसरं, डिस्चार्ज पाइप. कंप्रेसरपासून साधारण १५ सेंटिमीटरवर सेन्सर बांधून वरून इन्सुलेशन गुंडाळा. वरच्या उदाहरणात तिथे ८० ते ९० अंश दिसले तर सगळं ठीक. १०५ च्या पुढे जाऊ लागलं तर थांबा, कारण आतल्या झडपांपाशी त्याहूनही बरेच अंश जास्त असतात आणि तिथलं तेल जळायला लागतं. ड्रायरचा कंप्रेसर एअर कंडिशनरच्या कंप्रेसरपेक्षा लवकर मरतो तो बहुधा याच कारणाने : त्याला तासन्‌तास वरच्या टोकाला उभं राहावं लागतं.

पायरी ४ : कंप्रेसर निवडताना तक्ता मागा

प्रत्येक नीट कंप्रेसरचा तक्ता असतो : आडवं इव्हॅपोरेटिंग तापमान, उभं कंडेन्सिंग, आणि प्रत्येक चौकटीत थंडावा, वीज, करंट. अमेरिकी एएचआरआय ५४० या मानकाच्या पद्धतीत हीच माहिती दहा गुणांकांच्या समीकरणात देतात. युरोपात ईएन १२९०० हे मानक चालतं. समीकरण असो वा तक्ता, तुमच्या १४ आणि ६३ ची चौकट शोधा आणि ती कार्यकक्षेच्या आत पडते का ते बघा. कार्यकक्षा म्हणजे तक्त्यासोबत छापलेला तो वेडावाकडा बहुकोन. त्याच्या बाहेरचा बिंदू कंप्रेसर काही दिवस सोसेलही, पण निर्माता त्याची हमी देत नाही.

पट्टीवरचा एकमेव आकडा बहुधा एका ठरावीक स्थितीचा असतो. जास्त सक्शन दाबाच्या कंप्रेसरसाठी वर्षानुवर्षं चालत आलेली स्थिती आहे इव्हॅपोरेटिंग ७.२ आणि कंडेन्सिंग ५४.४ अंश. कमी सक्शन दाबाच्या, म्हणजे फ्रीझरच्या कंप्रेसरसाठी उणे २३.३ आणि तेच ५४.४. तुमच्या स्थितीशी यातलं काहीच जुळत नाही. फ्रीझरचा जुना कंप्रेसर स्वस्तात मिळाला म्हणून ड्रायरला लावू नका. १४ अंशांच्या दाट गॅसवर त्याची मोटर ओव्हरलोड होऊन ट्रिप होत राहील.

आकार किती? एक नमुना हिशेब करू. २४ तासांत १२० किलो पाणी काढायचं, म्हणजे तासाला सरासरी ५ किलो. मालावरून हवा ३६ अंश आणि सुमारे ६४ टक्के सापेक्ष आर्द्रतेने परत येते आणि इव्हॅपोरेटरवर २२ पर्यंत गार होते असं धरा. दर किलो हवेमागे ३४ किलोज्यूल काढावे लागतात आणि साडेसात ग्रॅमच्या जरा वर पाणी गळतं. म्हणजे १ किलो पाण्यामागे सव्वा युनिट थंडावा, आणि तासाला ५ किलोला सव्वासहा किलोवॅट. तक्त्यात १४ आणि ६३ च्या चौकटीत एवढा थंडावा देणारा कंप्रेसर शोधायचा.

पहिल्या तासांत माल सरासरीपेक्षा जास्त पाणी सोडतो, मग मोठा घ्यावा का? माझं मत : शंका असेल तर लहान घ्या. लहान कंप्रेसर सुरुवातीला थोडा मागे पडतो, इतकंच. मोठा कंप्रेसर बॅचच्या उत्तरार्धात सक्शन दाब खाली खेचतो, कॉइलवर बर्फ धरतो आणि सारखा बंद-चालू होतो. वेग बदलणारा इन्व्हर्टर कंप्रेसर हा पेच बराच सोडवतो. फक्त अगदी कमी वेगाला पाइपातून तेल परत येईल ना, हे पाइपांचा व्यास ठरवतानाच पाहावं लागतं.

गॅसबद्दल थोडक्यात. आर-४१०ए चा क्रांतिक बिंदू, म्हणजे ज्याच्या वर गॅस कितीही दाबला तरी द्रव होत नाही ते तापमान, ७१ अंशांच्या आसपास आहे, म्हणून ५५-६० अंशांच्या हवेसाठी तो कुचकामी. वरच्या टोकाला त्याची सुप्त उष्णता संपत येते. आर-१३४ए ला १०१ अंशांपर्यंत जागा आहे, पण त्याची तापमानवाढ क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट धरली जाते आणि २०१६ च्या किगाली करारानंतर असे गॅस हळूहळू मागे सारले जात आहेत. प्रोपेनचा क्रांतिक बिंदू ९७ च्या आसपास, कामगिरी उत्तम, पण तो पेटतो. त्याचं काम प्रशिक्षित माणसाचंच. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांनाच क्रांतिक होतो आणि त्याची यंत्रं फार मोठ्या दाबाला चालतात. नवख्याने त्या वाटेला जाऊ नये. आणि एका गॅससाठीच्या कंप्रेसरमध्ये दुसरा गॅस भरू नये, कारण तेलसुद्धा गॅसनुसार बदलतं.

पायरी ५ : पहिल्यांदा चालू करताना

नव्या जोडणीत पंपाने ५०० मायक्रॉनच्या (व्हॅक्यूम मोजण्याचं एकक) खाली व्हॅक्यूम घ्या आणि तो टिकतोय याची खात्री करा. आत राहिलेली हवा द्रव होत नाही. ती कंडेन्सरमध्ये जागा अडवून बसते आणि दाब उगीच चढवते. मोठ्या कंप्रेसरचा क्रँककेस हीटर, म्हणजे तळातलं तेल उबदार ठेवणारा हीटर, काही तास आधी चालू ठेवा, नाहीतर बंद काळात तेलात विरघळलेला गॅस सुरू होताक्षणी उकळतो आणि तेलाचा फेस होतो. थ्री फेज स्क्रोल असेल तर फेजचा क्रम तपासा. उलटा फिरला तर आवाज कर्कश येतो, दाब वाढत नाही. घाबरू नका, पण लगेच बंद करा.

पहिला अर्धा-पाऊण तास आकड्यांना अर्थ नसतो. खोली गार, माल गार, पाणी जवळजवळ नाही. हा काळ फक्त तापवण्याचा. उलट टोकालाही काळजी घ्या : गरम खोलीत, ओल्या मालावर, बंद पडलेला ड्रायर पुन्हा सुरू केला तर इव्हॅपोरेटरवर एकदम गरम दमट हवा येते, सक्शन दाब वर जातो आणि मोटरचा करंट मर्यादा ओलांडतो. यासाठी सक्शन दाबाला कमाल मर्यादा घालणारा एक्सपान्शन व्हॉल्व्ह मिळतो. तो नसेल तर सुरुवातीला इव्हॅपोरेटरवरची हवा झडपेने कमी करा. बंद केल्यावर लगेच चालू करू नका, निदान तीन मिनिटं दाब समान होऊ द्या.

पायरी ६ : बॅचचा उत्तरार्ध, जिथे गेज फसवतात

हीट पंप ड्रायर इतर हीट पंपांहून वेगळा पडतो तो इथे. घर गरम करणाऱ्या पंपाला रोज साधारण एकच काम. ड्रायरचं काम एकाच बॅचमध्ये पालटतं.

सुरुवातीला मालाचा पृष्ठभाग ओला असतो. ५५ अंशांची हवा ३६ पर्यंत उतरते, कारण तिची उष्णता पाणी वाफाळण्यात जाते. पुढे पाणी आतून बाहेर यायला वेळ लागतो आणि हवा मालावरून जवळजवळ तशीच परत येते, समजा ५० अंशांना. आता तीच हवा, तोच कंप्रेसर, इव्हॅपोरेटरवर हवा २० अंशांपर्यंत उतरते. हिशेब केला तर दर किलो हवेतून ३६ किलोज्यूल काढले जातात, म्हणजे कंप्रेसरचं काम आधीइतकंच किंवा जरा जास्त. पाणी मात्र मिळतं फक्त २ ग्रॅम. आधी साडेसात होतं.

एवढी मेहनत गेली कुठे? ५० अंशांची जवळपास कोरडी हवा २० पर्यंत गार करण्यात, आणि पलीकडे लगेच तीच पुन्हा ५५ पर्यंत तापवण्यात. सीओपी ३ धरलं तर पहिल्या अवस्थेत एका युनिटमध्ये सुमारे २.४ किलो पाणी, दुसऱ्यात ०.६ किलो. पंख्याची वीज यात धरलेलीच नाही. पण गेज बघा : सक्शन जवळपास तेवढाच, डिस्चार्ज तेवढाच, करंट तेवढाच. कंप्रेसरच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नाही. बदल दिसतो तो फक्त बादलीत, आणि म्हणून ती पहिल्या पायरीपासून ठेवायची.

यावर मुख्य उपाय बायपासचा. मालावर हवेचा वेग भरपूर लागतो, पण ती सगळी हवा इव्हॅपोरेटरवरून गेलीच पाहिजे असं नाही. झडपेने थोडीच हवा गार कॉइलवर घ्या, बाकीची वळसा घालून थेट कंडेन्सरकडे जाऊ द्या. थोडी हवा खोलवर गार होते, तिच्यातलं पाणी चांगलं गळतं, आणि उरलेल्या हवेला उगीच थंड-गरम करण्याची मजुरी वाचते. मात्र याची किंमत आहे. हवा कमी झाली की इव्हॅपोरेटिंग तापमान खाली जातं, चढ वाढतो, गॅस विरळ होतो. एका बिंदूनंतर बर्फ धरतो आणि सगळा फायदा बुडतो. तो बिंदू कागदावर नाही, बादलीवर शोधायचा. झडप एका खाचेने बंद करा, तासभर थांबा, किलो प्रति युनिट लिहा. वाढला तर अजून एक खाच. घटला किंवा सक्शन गेज शून्य अंशांकडे सरकू लागला तर एक पाऊल मागे. दोन-तीन बॅचमध्ये तुमच्या मालाची जागा सापडते.

वेग बदलता येत असेल तर उत्तरार्धात कंप्रेसर आणि पंखा दोघांचाही वेग उतरवा. मालच पाणी द्यायला तयार नसताना पंप जोरात चालवून काही मिळत नाही. पंख्याची वीज वेगाच्या साधारण घनाने कमी होते, त्यामुळे तिथली बचत अनपेक्षितपणे मोठी असते.

पायरी ७ : उरलेली उष्णता बाहेर काढा

बंद फेऱ्याच्या ड्रायरमध्ये इव्हॅपोरेटरवर हवेतून जेवढी उष्णता घेतली तेवढी कंडेन्सरवर परत मिळते, आणि त्याशिवाय कंप्रेसरची स्वतःची वीजही उष्णता होऊन त्याच हवेत येते. पंख्याचीही. भिंतींमधून थोडी गळते, बाकीची साठत जाते. सुरुवातीला ही वरकड उष्णता खोली तापवायला उपयोगी पडते. नंतर मात्र खोली ५५ वरून ५८, ६० अशी चढत जाते, कंडेन्सिंग त्याच्याबरोबर चढतं, आणि एका दुपारी हाय प्रेशर कटआउट (दाब फार वाढला की कंप्रेसर बंद करणारा स्विच) ट्रिप होतो. लोक म्हणतात, गॅस जास्त झाला, काढा. गॅस काढला की दोन दिवस बरं वाटतं आणि मग थंडावा कमी पडतो.

योग्य उपाय म्हणजे खोलीच्या बाहेर दुसरा लहान कंडेन्सर. हवेचं तापमान ठरवलेल्या आकड्याच्या वर गेलं की गरम गॅसचा काही भाग तिकडे वळतो. तो साधारण कंप्रेसरच्या विजेएवढी उष्णता फेकू शकला पाहिजे. स्वस्तातला पर्याय म्हणजे थोडी हवा बाहेर सोडून तेवढी बाहेरची घेणे. बाहेरची हवा कोरडी असेल तर हे चालतं, दमट असेल तर बादलीत बाहेरचं पाणी येऊ लागतं.

पायरी ८ : दोष शोधताना कंप्रेसर शेवटी

एकदा एका ड्रायरच्या कंप्रेसरवर मी दोन दिवस संशय घेतला. सक्शन कमी, पाणी कमी, आवाज वेगळा. शेवटी इव्हॅपोरेटरच्या मागच्या बाजूला, जिथे हात पोचत नव्हता, कॉइलवर मालाच्या कुसाचा अख्खा गालिचा निघाला. तेव्हापासून क्रम ठरलेला आहे : आधी हवा, मग गॅस, मग कंप्रेसर.

सक्शन कमी आणि सुपरहीटही कमी असेल तर कॉइलवर हवा पोचत नाही : जाळी, पंख्याचा पट्टा, बर्फ, की फार बंद केलेली बायपास झडप. सक्शन कमी पण सुपरहीट जास्त, तर कॉइलला गॅस पुरत नाही. गळती, तुंबलेला फिल्टर ड्रायर (गॅसच्या पाइपातला ओलावा आणि कचरा अडवणारा डबा) किंवा अडकलेला एक्सपान्शन व्हॉल्व्ह. यात सबकूलिंग गेलेलं असेल तर गळती, शाबूत असेल तर तुंबणं, असा ठोकताळा बरेचदा बरोबर निघतो. डिस्चार्ज जास्त असेल तर कंडेन्सरची घाण, खोलीत साठलेली उष्णता, आत राहिलेली हवा किंवा खरोखरच जास्त झालेला गॅस, याच क्रमाने बघा.

हे सगळं तपासून झालं की कंप्रेसर. सक्शन नेहमीपेक्षा वर, डिस्चार्ज नेहमीपेक्षा खाली, करंट तक्त्यातल्या आकड्यापेक्षा बराच कमी, आणि तरी अंग गरम : हे चारही एकत्र दिसले तर पंपिंग गेलंय. गॅस झडपांमधून किंवा स्क्रोलच्या कडांमधून आतल्या आत परत गळतोय. तुलना नेहमी त्याच दोन तापमानांच्या चौकटीशी करा, पट्टीवरच्या अँपिअरशी नको, कारण हलक्या भारावर तंदुरुस्त कंप्रेसरही पट्टीपेक्षा कमीच घेतो. सक्शनची झडप बंद करून कंप्रेसर किती खाली खेचतो ते बघण्याची जुनी पद्धत स्क्रोलवर वापरू नका, व्हॅक्यूममध्ये चालवला की तो जळू शकतो.

मोटर जळून कंप्रेसर गेला असेल तर बदलण्याआधी तेलाची आम्ल चाचणी करा. आम्ल निघालं तर यंत्रणा साफ करा, सक्शनला आम्ल शोषणारा फिल्टर लावा, द्रवाच्या पाइपवरचा फिल्टर ड्रायर नवा बसवा आणि काही दिवसांनी दोन्ही पुन्हा बदला. हे टाळलं तर जुन्या कंप्रेसरचं आम्ल नव्या मोटरचं वाइंडिंग खातं. आणि नवा बसवल्यावर पहिल्या बॅचचे किलो, युनिट, दोन दाब आणि तीन तापमानं तासाच्या तासाला लिहून तो कागद ड्रायरच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी पाणी कमी पडलं की आधी तो कागद बघायचा.